थोरातांचा 'लाल किल्ला'

गेल्या शनिवारी गोराईत निवांत बसून चिनी सेनापतींबद्दल वाचत होतो. त्यात झांग ग्वोहुआ भेटला. हा १९५० साली सैन्य घेऊन तिबेटात शिरला, तिथल्या लष्करी विभागाचा प्रमुख झाला आणि १९६२ साली पूर्वेकडची आपल्याविरुद्धची लढाईही त्यानेच चालवली. म्हणजे बारा वर्षं तोच मुलूख! मग प्रश्न पडला, आपल्याकडे तो मुलूख असा कोणाला माहीत होता?

होता की. आपल्या कोल्हापूरचा माणूस! लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. फक्त लढाई झाली तेव्हा ते निवृत्त होऊन दीड वर्ष उलटलं होतं.

थोरात सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ मिळवला. १९५३ साली कोरियात मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त युद्धकैदी सांभाळायला भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख तेच. त्यात बहुसंख्य चिनी. एकदा कैद्यांनी आपला एक अधिकारी ओलीस धरला, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं.

१९५७ पासून ते पूर्व विभागाचे प्रमुख. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तो पटवूनही दिला. मुद्दा साधा होता. सीमेवर फक्त पहारा ठेवायचा. खरी लढाई मागे, आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथे द्यायची.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही नुसती घबराट वाटली. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती, पण सरसेनापती झाले थापर. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त. नंतर आपण नेमकं उलटं केलं, रसद पोचत नाही तिथे पुढे पुढे चौक्या टाकत गेलो. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला आणि महिन्याभरात बोमडिला पडलं.

थोरातांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. तो आराखडा पंतप्रधानांपर्यंत पोचलाच नव्हता!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं आहे. टेस्टर बग नोंदवतो, वरचा कोणीतरी 'असं प्रत्यक्षात होत नसतं' म्हणून बंद करून टाकतो. आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो. तिथे जवान पडले, सुती कपड्यांत, बर्फात.

थोरात असते तर आपण जिंकलोच असतो असं मी म्हणणार नाही. त्यांच्या आराखड्यालाही रस्ते आणि फौज लागणारच होती. पण निदान कुठे उभं राहायचं एवढं तरी ठरलेलं असतं.

पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९९२ साली गेले. शाळेत आम्हाला ६२चं युद्ध होतं, थोरात नव्हते. असो.