पिकअपवरची ताडपत्री: नगर जिल्ह्यातील मालाच्या पांघरुणाचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पिकअपच्या हौद्यावर पांघरूण कसे घालायचे, हे गाडीवर कमी आणि आतल्या मालावर जास्त ठरते. साखरेला ओल मुळीच चालत नाही, म्हणून तिचे पोते चारी बाजूंनी आवळून झाकतात. कांद्याला पाऊस चालत नाही, पण कोंडलेली हवाही चालत नाही. जिल्ह्याची वाहतूक मुख्यत्वे या दोन मालांवर वाढली आणि त्यांच्या परस्परविरुद्ध गरजांतून इथली झाकण्याची पद्धत घडत गेली.

गाडीरस्ते होण्यापूर्वी धान्य आणि मीठ वंजारी-लमाणांच्या बैलतांड्यांवरून येई. मुक्कामाला गोण्यांची थप्पी लावून वर जाडे कापड किंवा घोंगडी टाकली जाई. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांनी विणलेली घोंगडी सरीवर सर झेलू शकते, कारण भिजलेली लोकर फुगते आणि विणीची भोके बुजतात. मात्र रात्रभराच्या संततधारेपुढे तिचा टिकाव लागत नाही. बैलगाडीच्या काळात दोन्ही बाजूंना बांबूचे किंवा तुराट्यांचे तट्टे आणि वर तळवट, एवढाच बंदोबस्त असे. जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग पर्जन्यछायेतला असल्याने बहुतेक दिवस तेवढ्यावर भागत असे.

1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि माल साठून राहण्याची ठिकाणे निर्माण झाली. बेलापूर स्टेशनाभोवती तर पुढे श्रीरामपूर हे शहरच उभे राहिले. उघड्या वाघिणी आणि स्टेशनावरच्या थप्प्या झाकण्याची सवय रेल्वेने सर्वदूर नेली. त्यासाठी लागणारे जाड सुती कापड डांबर, तेल किंवा मेण पाजून जलरोधक केलेले असे. ते टिकाऊ होते, पण भिजल्यावर इतके जड होई की ट्रकवर चढवायला दोघे-तिघे लागत. ओले असतानाच घडी घातली तर बुरशी धरे.

ताडपत्रीची खरी गरज साखरेने वाढवली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. साखर हवेतला दमटपणा शोषते, तिचे खडे बनतात आणि भाव पडतो. त्यामुळे कोरड्या ऋतूतही साखरेचा ट्रक झाकूनच निघतो. याच सुमारास नगर शहरात लष्कराची वाहने वाढली. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र 1948 पासून इथे आहे. लोखंडी कमानींवर ताणलेले कॅनव्हासचे हूड नगरकरांना रोजच्या रस्त्यावर दिसत होते. महिंद्रने 1947 पासून भारतात जुळवायला घेतलेल्या जीपवरही तशीच कमान आणि तसेच हूड असे. हूड आणि सीट शिवणारे कुशनवाले हे गॅरेजच्या ओळीतले आवश्यक कारागीर ठरले.

लहान मालवाहनांनी हे काम गावात नेले. बजाज टेम्पोच्या तीनचाकीने ‘टेम्पो’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसवला. 1986 मध्ये टाटा 407 आली, 2005 मध्ये ‘छोटा हत्ती’. 2000 नंतर बोलेरो पिकअप शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचली. एमएच 16 आणि एमएच 17 क्रमांकांच्या या गाड्या घोडेगाव, नेप्ती, वांबोरी, राहाता इथल्या बाजारांत कांद्याच्या गोण्या उतरवतात.

पांघरुणाची खरी परीक्षा होते ती माळशेज घाटात. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार 1981 मध्ये वाशीला गेला. पारनेर तालुक्यातला माल टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूरमार्गे कल्याणकडे उतरून तिकडे जातो. कोरड्या माळावर भरलेली गाडी काही तासांत धुक्यात आणि मुसळधार पावसात शिरते. कांदा काढल्यावरही श्वसन करत असतो. त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते. ताडपत्री सगळीकडून घट्ट बांधली तर ते बाष्प तिच्या आतल्या अंगाला थेंब होऊन जमते आणि वरच्या थरातल्या गोण्यांवर टपकते. पावसापासून वाचवलेला कांदा असा आतूनच भिजतो; पत्ती सुटते, काजळी धरते आणि भाव जातो. म्हणून जाणकार चालक पुढची कड केबिनमागे दुमडून गोण्यांखाली दाबतो, बाजू ओढून घेतो, पण मागे फाळक्यावर हातभर फट सोडतो. मधोमध गोण्यांची एक ओळ उंच ठेवली की पाणी न साचता दोन्हीकडे ओघळते. दोन ताडपत्र्या असल्या तर पुढची मागचीवर चढवतात. उलट घातली की वारा शिवणीत शिरून सगळे उचलून धरतो. दोरांबरोबर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतात, कारण खड्ड्यांत माल खाली बसला तरी रबराचा ताण टिकतो. ही सारी समज कुठल्या पुस्तिकेत नाही. ती क्लीनरपासून चालकापर्यंत हातोहात आलेली आहे आणि तिला कौशल्य म्हणूनच मान मिळायला हवा.

पुढे प्लास्टिकने सुती कापड जवळजवळ हटवले. विणलेल्या पट्ट्यांवर दोन्हीकडून थर दिलेली ताडपत्री, जिला गावात नुसते ‘कागद’ही म्हणतात, एकट्याने चढवता येते. पण नगरचे ऊन तिला ठिसूळ करते आणि सतत फडफडून ती कड्यांपाशी फाटते. ताणून बांधणे हाच त्यावरचा उपाय. फाटलेला कागद चाऱ्याच्या गंजीवर किंवा कांदाचाळीच्या कडेला आणखी काही हंगाम काढतो.

अमेरिकेत रूढ असलेले हौद्यावरचे सपाट, कुलपाचे झाकण इथे दुहेरी केबिनच्या मोजक्या गाड्यांवरच दिसते. कायमचे छत बसवायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे वाहनातील बदलाचा प्रश्न येतो. शिवाय कांद्याच्या गोण्या फाळक्याच्या वर थरावर थर चढतात. तेवढ्या उंचीवर सपाट झाकण बसतच नाही. ताडपत्री मात्र मालाच्या आकाराप्रमाणे बसते आणि रिकाम्या परतीच्या वाटेवर घडी होऊन केबिनमागे जाते.