कुठली जमात?

परवा ताईचा पुण्याहून फोन होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, तुमच्या लॉस एंजेलिसला महापालिकेचं 'इंडियन कमिशन' आहे म्हणे. आपली माणसं असतात का त्यात?" मला हसू आवरेना. हाच घोटाळा मी स्वतः एकदा केला आहे, आणि तोही लेखी, सही करून! फोनवर तिला अर्धंच सांगता आलं, म्हणून हा पसारा. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

गोष्ट २००३ सालची. लेकीला शाळेत घालायचं होतं. फॉर्मवर वंशाचा रकाना. 'एशियन' म्हटलं की तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चिनी-जपानीच यायचे. शोधता शोधता 'अमेरिकन इंडियन' दिसलं. झालं! आपण इंडियन, राहतो अमेरिकेत. तर्क अगदी बिनचूक :-) ठोकली खूण.

दोन-तीन महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. शाळांमधल्या आदिवासी मुलांसाठी त्या काम करायच्या. फार मायेनं त्यांनी विचारलं, "तुमची जमात कुठली?" क्षणभर मी 'कऱ्हाडे' म्हणणार होते. मग डोक्यात प्रकाश पडला आणि कानापर्यंत लाल झाले. बाईही खळखळून हसल्या. पण हसून झाल्यावर जे म्हणाल्या ते अजून आठवतं. "आमची माणसं मोजलीच जात नाहीत. कुणाला मेक्सिकन धरतात, कुणाला गोरं. आणि जी मोजली जातात त्यांत तुमच्यासारखे निघतात. मग आम्ही इतके आहोत म्हणून सांगायला गेलो की कुणी विश्वास ठेवत नाही." त्यांच्याच तोंडून मी या कमिशनचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

तोवर माझी समजूत अशी की ही माणसं दूर कुठेतरी राखीव प्रदेशात राहतात, नाहीतर सिनेमात. शहरात, माझ्या शेजारी, ती असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. मग लागले वाचायला.

लॉस एंजेलिस वसलं ४ सप्टेंबर १७८१ ला, स्पॅनिश राजवटीत. ४४ माणसं आली आणि गाव झालं, असं शाळेत शिकवतात. पण त्या जागी आधीच एक गाव होतं, यांगना नावाचं. टोंग्वा लोकांचं. आज जिथे युनियन स्टेशन आणि वाहता फ्रीवे आहे, त्याच परिसरात. तिथे एक प्रचंड सिकॅमोर होता, आपल्याकडच्या पारावरच्या वडासारखा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो गेला. स्पॅनिश पाद्र्यांनी १७७१ मध्ये सॅन गॅब्रिएल मिशन काढलं होतं. त्यावरून या लोकांना 'गॅब्रिएलिनो' हे नाव पडलं. म्हणजे नावसुद्धा मालकाचं.

पुढे अमेरिकन राज्य आलं आणि १८५० मध्ये कॅलिफोर्नियानं एक कायदा केला. त्याच्या नावात 'इंडियनांचं संरक्षण' असे शब्द होते. प्रत्यक्षात त्या कायद्यानं इंडियन माणसाला भटका किंवा दारुडा ठरवून पकडायचं आणि त्याची मजुरी विकायची सोय झाली. लॉस एंजेलिसच्या नगर कौन्सिलनं त्याच वर्षी ठराव केला की, शहराकडे काम नसेल तर अशा कैद्यांचा जास्त बोली लावणाऱ्याला लिलाव करावा. रविवारी रात्री पकडायचं, सोमवारी लिलाव, आठवडाभर द्राक्षमळ्यात राबवायचं, मजुरीचा बराचसा भाग दारूत द्यायचा, की पुन्हा रविवार! हे वाचलं तेव्हा मी उठून चहा ठेवला आणि तो तसाच गार झाला.

जमिनीचंही तेच. १८५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जमातींशी १८ करार झाले. सिनेटनं ते १८५२ मध्ये फेटाळले आणि वर गुप्त ठेवले, थेट १९०५ पर्यंत. टोंग्वा लोकांना केंद्र सरकारची मान्यता आजही नाही.

आता दुसरा अध्याय. शहरात मी ज्यांना ओळखू शकले नाही ते बहुतेक टोंग्वा नव्हतेच. १९५२ पासून केंद्र सरकारनं राखीव प्रदेशातल्या लोकांना शहरात हलवायची योजना राबवली, १९५६ मध्ये तिच्यासाठी कायदाही केला. एकेरी तिकीट, सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरते पैसे, नोकरी शोधून द्यायचं आश्वासन. नावाहो, लाकोटा, चॉक्टॉ अशा कितीतरी जमातींची तरुण मुलं डेन्व्हरला, शिकागोला आणि इकडे येऊन उतरली. त्यांतले बरेच जण बंकर हिलच्या जुन्या खोल्यांत राहिले. १९६१ चा 'द एक्झाइल्स' नावाचा सिनेमा त्यांच्याच एका रात्रीचा आहे, मिळाला तर जरूर बघा. आपल्याकडे कोकणातून मुंबईला गिरणीत आलेली माणसं गाववाल्यांच्या खोलीत राहायची, त्याची आठवण येते. फरक एवढाच की गिरणगावात शेजारी मराठी बोलायचा.

यात एक गोम होती. सरकारच्या सोयी मुख्यतः राखीव प्रदेशात. तिथे जमातीचं स्वतःचं सरकार असतं, दाद मागायला जागा असते. शहरात आलात की तुम्ही कुणाचेच नाही. एका वॉर्डात एकवटलेली वस्तीही नाही, अफाट काउंटीभर विखुरलेली. त्यामुळे निवडणुकीत कुणी दखल घेण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून १९७६ मध्ये शहर आणि काउंटी यांनी मिळून हे कमिशन स्थापलं. पूर्ण नाव 'लॉस एंजेलिस सिटी-काउंटी नेटिव्ह अमेरिकन इंडियन कमिशन'. सदस्य १५. पाच महापौरांनी नेमलेले, पाच काउंटीच्या सुपरवायझरांनी, आणि उरलेले पाच इथल्या आदिवासी समाजानं स्वतः मत देऊन निवडलेले. मला सगळ्यांत आवडलं ते हे शेवटचं. ज्यांचा वॉर्ड नाही, त्यांना निदान मतपेटी तरी मिळाली.

काम काय? सल्ला देणं. शहरी आदिवासींसाठी निधी यावा, धोरणं नीट व्हावीत, संस्कृती टिकावी म्हणून शिफारशी करणं. कायदा करायचा अधिकार नाही.

खरं सांगते, हे वाचून मी थोडी खट्टू झाले. नुसता सल्ला? आपल्या घरांतून सल्लागार कमी का असतात! आमच्या गावच्या घरी आजोबांचे चुलतभाऊ होते, आप्पा. सातबाऱ्यावर नाव नाही, झोपाळ्यावर बसून दिवसभर सल्ले. कुणी ऐकायचं नाही. पण एकदा मोजणीवाले आले, तेव्हा हद्दीचे दगड कुठे पुरलेत ते घरात एकट्या आप्पांना ठाऊक होतं. काठी टेकत गेले आणि 'इथे खणा' म्हणाले. दगड निघाला. त्या संध्याकाळी आप्पांना पहिला चहा मिळाला.

कमिशनचं थोडं तसंच. चार दशकं ते एकच सांगत राहिलं, की आम्ही इथे आहोत. कोलंबस डे बदलावा ही मागणी त्यांनी लावून धरली. सिटी कौन्सिलमध्ये तो विषय आणला मिच ओ'फॅरेल यांनी, जे स्वतः वायनडॉट जमातीचे. ३० ऑगस्ट २०१७ ला १४ विरुद्ध १ मतांनी कोलंबस डेच्या जागी 'इंडिजिनस पीपल्स डे' आला. विरोधातलं एक मत इटालियन वंशाच्या सदस्याचं होतं. त्यांच्या आजोबा-पणजोबांनाही या देशात हिणवलं गेलं होतं आणि कोलंबस हा त्यांचा आधार होता, हेही खोटं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ग्रँड पार्कमधला कोलंबसचा पुतळा हलवला. २०२२ मध्ये, ही भूमी मुळात कुणाची हे मान्य करणारं निवेदन काउंटीनं स्वीकारलं, त्यातही कमिशनचा हात होता.

सुट्टीचं नाव बदललं, पुतळा गेला, चार वाक्यं वाचली जाऊ लागली. एवढ्यानं काय होतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारते. त्याच २०२२ मध्ये आल्टाडीनात टोंग्वा लोकांच्या संस्थेला जमीन परत मिळाली, ती एका खाजगी मालकाकडून. किती? एक एकर. अख्ख्या लॉस एंजेलिसच्या बदल्यात! यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

पण दगड कुठे पुरलाय हे माहीत असलेला माणूसच नसता, तर तो एक एकर मागायला तरी कोण आलं असतं?

असो. तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही गं, आपली माणसं नसतात त्यात. आपल्यासाठी जनगणनेत १९८० पासून 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आहे, तो मला २००३ पर्यंत ठाऊक नव्हता एवढंच. कोलंबस वाट चुकला आणि आपलं नाव त्यांना देऊन बसला. त्यांचा रकाना निदान आपण तरी चुकून भरू नये.

२०२० च्या जनगणनेचा फॉर्म लेकीनं भरला, मी शेजारी बसले होते. 'अमेरिकन इंडियन'च्या खाली जमातीचं नाव लिहायला मोकळी जागा असते. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "आई, त्या बाई अजून असतील का गं?" मला माहीत नव्हतं. मग तिनं पुढच्या रकान्यात खूण केली.