लो-कोड ॲप व क्लाउड जोडणी

फारसा कोड न लिहिता, तयार घटक मांडून केलेले व्यावसायिक ॲप क्लाउडवरील डेटाबेस, अहवाल व एपीआय (दोन प्रणालींना आपसात बोलू देणारा दुवा) यांना जोडण्याची पद्धत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ॲझ्युअर या आपल्या क्लाउड सेवेचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात सुरू केले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांची माहिती त्यामुळे पुण्यातच साठवता येते. उदाहरणार्थ, कारखान्याचा स्टोअरकीपर मोबाइलवर मालाची आवक भरतो, ॲपला डेटाबेसशी जोडणारा कनेक्टर ती नोंद तक्त्यात टाकतो, पॉवर बीआयचा अहवाल तिथूनच आकडे उचलतो. खरी कसोटी एपीआयची, विशेषतः जीएसटीच्या ई-इनव्हॉइससाठी. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना आपसातील विक्रीसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. ॲपने एपीआयद्वारे पाठवलेले बिल ई-इनव्हॉइसचे नोंदणी पोर्टल तपासते आणि ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) व क्यूआर कोड परत देते. पोर्टलची गुप्त की ॲपच्या फॉर्ममध्ये कधीही ठेवू नये.