भांड्यावर नाव कोरायला शिकायचंय? हाताने धातू कोरण्याच्या छंदाची सुरुवात अशी करा

जुनी हुबळी : घरातला जुना तांब्या किंवा परात जरा उजेडात धरून बघा. काठाजवळ नाव सापडेल, कधी गाव, कधी तारीखही. कुणाच्या लग्नात आलेलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं भांडं. पूर्वी ही नावं छिन्नी-हातोडीने घालत, आता दुकानात विजेचं मशीन फिरतं. जुनं भांडं मोडीत गेलं की नावही वितळून जातं. ही कला छंद म्हणून शिकायची असेल तर सुरुवातीला फार मोठा खर्च नाही. चिकाटी मात्र पाहिजे.

आपल्या भागातली परंपरा

खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले. मिरजेत १८०५ साली पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. छाप सुलटा उमटावा म्हणून पत्र्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं. बिदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून त्यात चांदीची तार बसवतात, ती बिदरी कला आजही चालू आहे.

दोन पद्धती

पहिली ठोक्याची. टोकदार छिन्नीवर हलके ठोके मारत ठिपक्यांनी अक्षर काढायचं. यात धातू दबतो, निघत नाही. भांड्यावरची बरीच जुनी नावं अशीच आहेत. दुसरी कोरण्याची. धारदार कोरणी पुढे ढकलली की धातूची बारीक साल निघते आणि चकाकणारी रेघ उमटते.

काय काय लागतं?

- एक-दीड मिलिमीटर जाडीचे तांब्या-पितळेचे तुकडे. स्टील कडक असतं, त्याच्या नादी सुरुवातीला लागू नका.
- एक कोरणी, एक टोकदार छिन्नी, लहान हातोडी.
- धार लावायला बारीक दाण्याचा दगड आणि तेल.
- लाकडी ठोकळा आणि राळ. राळ तापवून तुकडा ठोकळ्यावर पक्का चिकटवायचा.
- भिंग, भरपूर उजेड आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याशिवाय बसूच नका, धातूचा कण कधी उडेल सांगता येत नाही.

आधी धार, मग अक्षर

नवशिक्याची निम्मी अडचण बोथट कोरणीमुळे होते. कोरणीचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर पुन्हा दगडावर घ्या.

पत्र्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्या, वाळल्यावर पेन्सिलीने आखा. कोरणीची मूठ तळहातात, अंगठा पत्र्यावर टेकलेला. कोरणी जास्त उभी धरली की रुतते, फार आडवी धरली की निसटते. वळण घेताना हात नव्हे, ठोकळा फिरवायचा. दुसरा हात कोरणीच्या वाटेत कधीही ठेवू नका.

पहिले काही दिवस नुसत्या समांतर रेघा काढा. मग गोलाई. त्यानंतर 'ग', 'न', 'म' अशी सरळ काने असलेली अक्षरं. 'ळ', 'इ', 'क्ष' यांना वेळ द्या.

घरचं भांडं सगळ्यात शेवटी

प्रस्तुत प्रतिनिधीने हा नियम मोडला. चार दिवसांच्या सरावावर आईच्या लग्नातला तांब्या घेऊन बसलो. कोरणी सटकली आणि आईच्या नावावरून आडवी रेघ गेली. आई काही बोलली नाही, तांब्या उचलून फडताळात ठेवला. पेन्सिलीची रेघ खोडता येते, ही येत नाही.

म्हणून तुकड्यावर तेच नाव सलग दहा वेळा नीट जमल्याशिवाय भांड्याला हात लावू नका. पातळ भांड्याला पोचा येतो, तेव्हा आतून आधार द्या. कल्हई केलेल्या बाजूला कधीच कोरू नका, कथिलाचा थर फाटून खालचं तांबं उघडं पडतं. आणि जुनी भांडी मोडीत द्यायची वेळ आलीच, तर त्यावरची नावं आधी वहीत उतरवून घ्या. सरावाला त्याहून चांगला कित्ता मिळणार नाही.