दोघांचाही डीएनए का लागतो?

बाळ घडायला आई-वडील दोघांचाही वाटा लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण तो वाटा नेमका कशात असतो? 1876 साली ऑस्कर हर्टविग यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली. त्याआधी 1874 मध्ये फ्रीडरिश मीशर यांना साल्मन माशाच्या शुक्राणूंत प्रोटामिन सापडले होते.

शुक्राणूतला डीएनए प्रोटामिनमुळे घट्ट आवळलेला असतो. बीजांडात शिरल्यावर प्रोटामिन निघते, त्या जागी बीजांडातली हिस्टोन प्रथिने येतात आणि डीएनएवरच्या बऱ्याच रासायनिक खुणा पुसल्या जातात. काही मात्र टिकतात, आणि त्या आई-वडिलांच्या वेगवेगळ्या असतात. म्हणूनच 1984 मधल्या प्रयोगांत, फक्त आईचा किंवा फक्त वडिलांचा डीएनए असलेले उंदरांचे गर्भ पूर्ण वाढू शकले नाहीत.

माणसात याचे उदाहरण म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भ. त्यात केंद्रकातला डीएनए बहुतेक वेळा फक्त वडिलांकडचा असतो, हे 1977 मध्ये समजले. वारेच्या पेशी वाढतात, बाळ घडत नाही. जड कामामुळे किंवा ग्रहण पाळले नाही म्हणून हे होत नाही. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. उपचारानंतरच्या एचसीजी तपासण्या मात्र चुकवू नका.