राणीने ठेका बदलला तेव्हा

तबकडीच्या वेष्टनावर सहसा काय छापलेले असते? गाण्यांची नावे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे आणि कंपनीचा शिक्का. पण लंडनच्या 'क्वीन' नावाच्या वाद्यवृंदाने १९७४ साली आपल्या दुसऱ्या तबकडीवर आणखी एक गोष्ट आवर्जून छापली : यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. पुढच्याही काही तबकड्यांवर ही द्वाही फिरवलेली आढळते. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या लहरींतून हवा तो नाद उत्पन्न करणारे यंत्र. त्या काळी ते नवे होते, महाग होते आणि पुष्कळांच्या हाती खुळखुळ्यासारखे वाजत होते. 'क्वीन'ने त्याचे सोवळे पाळले होते. हेच सोवळे त्यांनी पुढे आपल्या हातांनी सोडले, त्याचे मोल मोजले आणि त्यातून काही कमावलेही. त्याची ही हकीकत.

सोवळे पाळण्यास कारणही तसेच होते. या मंडळींचा नाद खरोखर घरी घडवलेला होता. गिटारवादक ब्रायन मे याने शाळकरी वयात, १९६३ पासून, वडिलांच्या मदतीने आपली गिटार स्वतः तयार केली. तिच्या दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या आणि पडद्यांवरच्या खुणांसाठी आईच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घासूनपुसून लावली. बेस गिटार, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा जॉन डीकन विजेच्या उपकरणांचा पदवीधर. त्याने कचऱ्यात टाकलेल्या एका मंडलपट्टीतून छोटा ध्वनिवर्धक बनवला आणि मेची गिटार त्यातून वाजली की व्हायोलिनांचा ताफा वाजल्याचा भास होई. ड्रमवर रॉजर टेलर होता. त्याचा गळा तारसप्तकात लीलया चढे.

आणि चौथा फ्रेडी मर्क्युरी. त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा, घर गुजरातेतून तिकडे गेलेल्या पारशी कुटुंबाचे. मराठी वाचकाला त्याच्याविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी, कारण त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले. तेथील सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास चार सोबत्यांना घेऊन त्याने 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. झांझिबारमधील १९६४ च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

या चौघांनी मिळून जे संगीत घडवले त्यात रॉकचा दणदणाट होता, पण त्याचा प्राण चालीत होता. गुणगुणता येईल अशी चाल आणि तिच्यावर एकावर एक चढवलेले कंठस्वर, ही त्यांची ओळख. मर्क्युरी, मे आणि टेलर एकेक ओळ पुनःपुन्हा गात. त्या साऱ्या आवृत्त्या फितीवर एकमेकींवर बसवल्या की तीन गळ्यांचा मोठा गायकवर्ग होई. १९७५ साली आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा या कारागिरीचा कळस. जवळजवळ सहा मिनिटांचे, मधोमध ऑपेराचा थाट मांडणारे हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

याचा अर्थ हे लोक एकाच चाकोरीतून जात होते, असा मात्र नाही. १९७७ साली त्यांनी पायांचे दोन ठोके आणि एक टाळी एवढ्यावर एक गाणे उभे केले, आणि आजही खेळाच्या मैदानांवर ते दुमदुमते. बदल त्यांच्या रक्तातच होता. प्रश्न फक्त किती आणि केव्हा, एवढाच होता.

१९७९ साली ते जर्मनीत म्यूनिकला ध्वनिमुद्रणासाठी गेले. एका उंच इमारतीच्या तळघरात 'म्यूझिकलँड' नावाची ध्वनिमुद्रणशाळा होती. राइनहोल्ड माक हा तेथला कसबी तंत्रज्ञ. त्याचा कल थर चढवण्यापेक्षा उतरवण्याकडे. जागा मोकळी ठेवा, एकेक वाद्य स्पष्ट ऐकू येऊ द्या, ही त्याची रीत. त्यातून १९८० ची 'द गेम' ही तबकडी निघाली आणि याच तबकडीत सिंथेसायझर प्रथम उंबरठा ओलांडून आत आला. वेष्टनावरची ती द्वाही संपली.

त्या तबकडीतील एका गाण्याने पुढचे सारे महाभारत घडवले. अबोल डीकनला अमेरिकेतील कृष्णवर्णीय नृत्यसंगीताची गोडी होती. 'शीक' या वाद्यवृंदाच्या खर्जातल्या चालीने तो भारला होता. त्याच वळणावर त्याने 'अनदर वन बाइट्स द डस्ट' रचले. गाणे कसले, खर्जातली एक वळणदार चाल आणि कोरडा, ठाशीव ठेका! कंठस्वरांचे मनोरे नाहीत की गिटारीचे कारंजे नाही. हे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढा, असा आग्रह मायकेल जॅक्सनने धरल्याचे मंडळी पुढे सांगत. ते निघाले आणि अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

एखाद्या पंक्तीत नवी चटणी सर्वांना आवडली, की यजमानाला वाटते, उद्या ताटभर हीच वाढावी. 'क्वीन'चे तसेच झाले. मे १९८२ मध्ये 'हॉट स्पेस' ही तबकडी आली. तिच्या पहिल्या बाजूची पाचही गाणी नाचाच्या ठेक्यावर. कोठे खर्जाचे काम सिंथेसायझरकडे गेले, कोठे ड्रमची जागा यंत्राने घेतली. 'स्टेइंग पॉवर' या पहिल्याच गाण्यात आरिफ मार्दिन या नामांकित संयोजकाने बांधलेला तुताऱ्यांचा ताफा. मग मेच्या घरगुती गिटारीने करावे काय? 'बॅक चॅट' या गाण्यात तिला वाव द्यावा की नाही यावरून डीकन आणि मे यांच्यात चांगलीच जुंपली. शेवटी तिला थोडी जागा मिळाली. दुसऱ्या बाजूस जुन्या वळणाची काही गाणी होती : १९८० च्या डिसेंबरात मारल्या गेलेल्या जॉन लेननची आठवण करणारे एक, अर्धे स्पॅनिश नाव धारण करणारे, मनाला भिडणारे दुसरे. सर्वांच्या शेवटी डेव्हिड बोवीबरोबर गायलेले 'अंडर प्रेशर' होते. १९८१ मध्येच ते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले होते. पण श्रोता तबकडी पहिल्या बाजूने सुरू करतो, आणि पहिल्या बाजूने त्याच्या कपाळाला आठ्या घातल्या.

ब्रिटनमध्ये तबकडीने चौथा क्रमांक गाठला, हे फार वाईट नव्हे. अमेरिकेत मात्र 'द गेम' पहिल्या क्रमांकावर गेली होती, तेथे 'हॉट स्पेस' बाविसाव्या पायरीवर थांबली.

हा रोष केवळ कानांचा होता काय? मला तसे वाटत नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात नृत्यसंगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला होता. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. ते संगीत कृष्णवर्णीयांचे, लॅटिन लोकांचे आणि समलिंगी मंडळींच्या नृत्यगृहांचे. त्या होळीत संगीताच्या नावडीबरोबर माणसांची नावडही जळत होती, असे अनेक अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे. अशा हवेत एका रॉक वाद्यवृंदाने तोच ठेका आपलासा करणे म्हणजे कित्येकांच्या लेखी घर सोडून पलीकडच्या गल्लीत जाणे होते.

तरीही सारा दोष श्रोत्यांच्या माथी मारणे रास्त नाही. डीकनचे १९८० चे गाणे एका वादकाच्या ध्यासातून उगवले होते; 'हॉट स्पेस'मधली काही गाणी त्या यशाचा माग काढत गेलेली वाटतात. घरात एकमतही नव्हते. मे आणि टेलर यांनी या तबकडीविषयीची नाराजी पुढे लपवली नाही. गंमत अशी, की हीच गाणी रंगमंचावर आली तेव्हा त्यांत गिटार शिरली, खरे ड्रम घुमू लागले आणि ती अंगात आल्यासारखी उसळली. जून १९८२ मध्ये मिल्टन कीन्सच्या मैदानावर मर्क्युरीने श्रोत्यांची समजूतही काढली : अहो, ही एक तबकडीच तर आहे, आमचे रॉक काही हरवलेले नाही! अमेरिकेतला त्या वर्षीचा दौरा मात्र मर्क्युरीचा तेथला शेवटचा दौरा ठरला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मायकेल जॅक्सनची 'थ्रिलर' आली. तिच्यातल्या 'बीट इट' या गाण्यात नाचाचा ठेका होता आणि एडी व्हॅन हेलन या रॉकवाल्याची तडफदार गिटारही होती. जी वेस 'क्वीन' अलीकडून ओलांडू पाहत होती तीच जॅक्सनने पलीकडून ओलांडली, आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. म्हणजे वाट चुकीची नव्हती. फक्त जॅक्सनने गिटारीला पाहुणी म्हणून मानाने बोलावले, आणि 'क्वीन'ने आपल्या घरच्या गिटारीलाच ओसरीवर बसवले.

१९८४ साली 'द वर्क्स' ही तबकडी आली तेव्हा 'राणी स्वगृही परतली' असे लोक म्हणू लागले. पण तिच्यातले पहिले गाजलेले गाणे कोणते? टेलरचे 'रेडिओ गा गा', आणि ते उभे आहे सिंथेसायझर व ठेक्याचे यंत्र यांच्याच पायावर! फरक एवढाच, की यंत्र आता चालीची चाकरी करत होते; त्यावर तेच भरदार कंठस्वर, तीच गुणगुणता येणारी चाल. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर, दुष्काळग्रस्त इथिओपियासाठी झालेल्या 'लाइव्ह एड' जलशात सुमारे बहात्तर हजार लोकांनी डोक्यावर हात नेऊन याच गाण्याला एकसाथ टाळ्या दिल्या. त्या दिवशीच्या वीसएक मिनिटांत 'हॉट स्पेस'मधले एकही गाणे त्यांनी घेतले नाही. तरी त्या पडलेल्या तबकडीत गिरवलेला धडा त्या टाळ्यांत होताच.

आपल्याकडे घराण्याचा अभिमान धरणारे श्रोते असतात. गवयाने दुसऱ्या घराण्याची एखादी हरकत घेतली तर ते मान हलवतात. अख्खी मैफल तशी गायली तर उठून जातात. त्यांचे प्रेम खोटे नसते, कारण गवयाचा पहिला स्वर त्यांनीच जपलेला असतो. पण त्यांच्या भीतीने गवई रोज कालचेच गाऊ लागला तर त्याचा गळा राहतो आणि गाणे जाते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी मर्क्युरी गेला. त्याच्या मागे राहिलेल्या तबकड्यांत 'हॉट स्पेस' आजही जरा कोपऱ्यातच असते. या दिवाळीत घरातल्या तरुण मुलांकडून ती एकदा मागून घ्यावी आणि दुसऱ्या बाजूने ऐकायला सुरुवात करावी. मग पहिली बाजू तितकीशी परकी वाटणार नाही.