खारेपाटणचे ताम्रपट आणि निनावी कुटुंबे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकास, विजयदुर्गाच्या खाडीत पुष्कळ आतवर, खारेपाटण हे लहानसे गाव आहे. इतिहासात त्याचे नाव राहिले ते येथे मिळालेल्या ताम्रपटांमुळे. त्यांपैकी दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील होय. त्याचे वाचन प्रथम बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रसिद्ध केले. (याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे हे पंडित केवळ 'दर्पण'कार म्हणून स्मरले जावेत, हे आम्हांस अपुरे वाटते.) पुढे कीलहॉर्न व मिराशी यांनी त्याचे पुन्हा संपादन केले.

अभ्यासकांनी त्यातील राजवंशावळीचा कीस काढला आहे. त्या नावांत भाषेचाही इतिहास आहे. लेख संस्कृत, परंतु सणफुल्ल, धम्मियर, अय्यप ही नावे संस्कृत वळणाची नाहीत. 'अय्यप' तर सरळ दक्षिणेकडे बोट दाखविते. 'धम्मियर' या नावात 'धम्म' ऐकू येतो, म्हणून त्या राजास बौद्ध ठरविण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळतो. नुसते ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. 'पाटण' या शब्दाचे मात्र निराळे आहे. पालीत 'पट्टन' म्हणजे बंदर, आणि हे गाव बंदरच होते.

हे दान मत्तमयूर या शैव परंपरेतील आत्रेय नामक तपस्व्यास अव्वेश्वराच्या मंदिरासाठी दिलेले आहे. या परंपरेचा मूळ विस्तार मध्य भारतातील. तेव्हा तेथील भाषाही या खाडीकाठी ऐकू येत असावी. दानात तीन गावे आहेत, तसेच द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण आहे. त्याच ओघात दासींची, तेल्यांची, माळ्यांची, कुंभारांची आणि परिटांची कुटुंबेही देऊन टाकली आहेत. जकात जशी दिली, तशीच माणसे. वंशावळीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या ओळी बहुधा एका वाक्यात आटोपल्या आहेत, हा आमचा आक्षेप आहे.

येथेच मिळालेला दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यात भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधू धणाम श्रेष्ठी या अमात्यांच्या जहाजांस स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूली इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. यातील शूर्पारक म्हणजेच पाली वाङ्मयातील सुप्पारक, आजचे सोपारे. ज्यांची जहाजे, त्यांची नावे तांब्यावर कोरली गेली. ज्यांची मडकी व घाणे, त्यांची केवळ जात लिहिली गेली.

पुढील काळात गावात कोकणी मुसलमानांची वस्ती वाढली. येथील जैन मंदिराची नोंद १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने घेतली. त्यातील काळ्या पाषाणाची मूर्ती नदीच्या पात्रात सापडल्याचे तेथे म्हटले आहे. गावाची बोली आज मालवणी. रट्टराजाच्या मंदिरास दिलेले ते कुंभार घरी कोणत्या बोलीत बोलत होते, याविषयी ताम्रपटात एक अक्षरही नाही.